कापराची कणीक

माझ्यात एक खोड आहे. कुणी 'हे करू नको' म्हणालं की नेमकं तेच करावंसं वाटतं. लहानपणी त्यापायी मार खाल्ला, लग्नानंतर टोमणे खाल्ले. पण एका धनत्रयोदशीला या खोडीनं माझा जीवच काढला.

साल दोन हजारच्या आगेमागे असेल. आम्ही सणसवाडीला एका खोलीत भाड्यानं राहायचो. हे कंपनीत होते, लेक तीन वर्षांची. चाळीमागं एक बालवाडी चालायची, तिथं मी दोन तास मदतीला जायचे. पोरं कुठली कुठली, कुणी बिहारचं, कुणी लातूरकडचं, एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नसे. तिथल्या ताईंनी त्यावर तोडगा काढला होता. कणकेत मीठ घालून ती घट्ट मळायची, रंग द्यायचा, आणि सण आला की गोळ्याला त्या सणाचा वास लावायचा. संक्रांतीला भाजलेले तीळ कुटून, दिवाळीला उटणं. पोरं गोळा हुंगायची, थापायची, त्यात बोटं खुपसायची, आणि तासभर कुणी कुणाला चावायचं नाही. ताईंचा नियम एकच होता. पोराच्या तोंडात चिमूटभर गेलं तरी बाधणार नाही असंच घालायचं. कापूर तर जवळसुद्धा आणायचा नाही, पोटात गेला तर लहान पोराला झटके येतात. मी मान हलवली होती.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही भांडगावला, माझ्या सासरी गेलो. सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना आबा. घर फराळाच्या धांदलीत होतं. आत्या चकल्या पाडायच्या, मी तळायचे, आणि आमचं कन्यारत्न दर दोन मिनिटांनी कढईपाशी हजर. आबांनी नेलं की परत, ह्यांनी नेलं की परत. माझं निम्मं लक्ष तेलात आणि निम्मं तिच्या हातांत. शेवटी मी उठले, परातीत पीठ घेतलं आणि तीन गोळे मळले.

पहिल्यात उटणं घातलं, त्याला नागरमोथ्याचा मस्त वास सुटला. दुसऱ्याला बिटाचा रस आणि गुलाबपाणी. तिसऱ्याला हळद घातली आणि वेलची कुटायला घेणार, तर लेक म्हणाली, देवाचा वास पाहिजे. आरती झाली की कापराच्या ज्योतीवर धरलेले माझे हात ओढून ती नाकाला लावायची, तो तिचा देवाचा वास. मला ताई आठवल्या, नाही असं नाही. पण म्हटलं, मी इथंच बसलेय ना समोर, काय होतंय? देवघरातल्या डबीतून चार वड्या काढल्या, चुरल्या आणि पिवळ्या गोळ्यात मळून टाकल्या.

तेवढ्यात आत्यांनी परात बघितली आणि त्यांचा पारा चढला. अन्नाचा कुणी खेळ करतं का, म्हणाल्या. आबांनी मेंढरांमागं फिरताना शिळ्या भाकरीच्या तुकड्यावर दिवस काढलेत आणि तुम्ही पीठ चिखलासारखं तुडवताय. मीही काही कमी नव्हते. पोरगी कढईत पडण्यापेक्षा मूठभर पीठ गेलेलं परवडलं, असं फाडकन बोलून बसले. मग काय, दोघींची तोंडं दोन दिशांना. सगळ्या चकल्या तशाच अबोल्यात तळून झाल्या. लेक मात्र पडवीत ताट पुढं घेऊन इतकी रमली की दुपारभर कढईकडं फिरकली नाही. मी मनातल्या मनात आत्यांना म्हणत होते, बघा.

दिवस कलला आणि नळाला पाणी आलं. समोर बसलेय म्हणणारी मी हंडा घेऊन पळाले. आबा ओट्यावर होते, त्यांना पोरीकडं बघा म्हणून सांगितलं. तीन खेपा करून आले तर ताटात दोनच गोळे. पिवळा नव्हता. लेकीचे ओठ पिवळे, बोटं पिवळी, आणि जवळ गेले तर तोंडाला कापराचा वास.

गोळा कुठंय विचारलं तर म्हणाली, गेला. खाल्लास का विचारलं तर तिनं मान डोलावली. तीन वर्षांचं पोर कशालाही मान डोलावतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी ते खरंच धरलं. मी ताट उपडं केलं, बाज ओढली, पोत्यांमागं बघितलं. कुठं काही नाही. आबांना विचारलं तर त्यांचा मघाशी जरा डोळा लागला होता.

आबांची निम्मी हयात मेंढरांमागं गेलेली. कोकरानं काय खाल्लं हे ते लोक तोंड हुंगून ओळखतात. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, अंगठ्यानं जबडा उघडला आणि आत नाक घालून शांतपणे वास घेतला. "कापूर ओठाला हाय, आत न्हाई," म्हणाले. "आत निस्ती चकली हाय." त्यांच्या नाकाला गावात मान होता, पण माझी लेक काही कोकरू नव्हती. मी ह्यांना हाका मारून झालं ते सगळं एका दमात सांगितलं आणि लेकीला उचलून गाडीवर मागं बसले. आत्या घरात नव्हत्या, शेजारणीचा सोऱ्या परत द्यायला गेल्या होत्या. खरं सांगते, त्या नव्हत्या याचं मला तेवढ्यातही बरं वाटलं. त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार होते?

केडगावच्या डॉक्टरांनी किती वड्या, किती वेळ झाला, एवढं विचारलं. लेकीचे डोळे बघितले, छाती तपासली. ओकारी काढायची नाही म्हणाले, त्यानं उलट बिघडतं. इथंच माझ्या नजरेसमोर बसा, झटका आला तर लगेच पुढं हलवावं लागेल. आणि आम्ही बाकावर बसलो.

त्या बाकावर मी काय काय नवस बोलले, देव जाणे. लेकीनं पापणी मिटली की मी तिला हाक मारायचे. दुपारी झोपली नव्हती, त्यामुळं ती पेंगायला लागली, आणि ही झोप आहे की गुंगी, हे मला कळेना. मी तिला चिमटे काढत होते, ती भोकाड पसरत होती, आणि तिच्या रडण्यानं माझ्या जिवात जीव येत होता. ह्यांनी लेकीच्या कपाळाला हात लावून बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, "कापूर कशाला घातलास?" मी लेकीची पिवळी बोटं पदरानं पुसायला लागले.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि आत्या आत आल्या. डोक्यावरचा पदर खाली आलेला, पायात चपला नाहीत, हातात एक ताटली. ताटलीत कणकेचा पिवळा दिवा, अर्ध्यावर विझलेला. वात काळी पडलेली, तेल ताटलीत सांडलेलं.

धापा टाकत त्यांनी सांगितलं ते असं. आमच्याकडं धनत्रयोदशीला दिवेलागणीला हळद घालून मळलेल्या कणकेचा दिवा करतात आणि तो दक्षिणेकडं तोंड करून यमासाठी लावतात, घरातल्या कुणाला अवेळी मरण येऊ नये म्हणून. आत्या पडवीत आल्या तर नातीच्या हातात पिवळी कणीक. ती गोळा ओठांना लावून हुंगत होती. दुपारी रागाच्या भरात आत्यांनी परातीतले रंग काही नीट बघितले नव्हते. आत्यांना वाटलं, सून दुपारी भांडली खरी, पण न सांगता दिव्याची कणीक मळून ठेवली, वर कापूरसुद्धा घातला. त्यांना बरं वाटलं. नात रडू नये म्हणून तिच्या हातात चकली दिली, गोळा काढून घेतला, दिवा केला, मागच्या दाराला लावला आणि सोऱ्या घेऊन गेल्या. परत आल्यावर आबांनी काय झालं ते सांगितलं.

डॉक्टरांनी दिवा हातात घेऊन हुंगला, तोडून बघितला. गोळा केवढा होता ते मला मूठ करून दाखवायला लावलं. तेवढी कणीक त्यात भरत होती. तरीही तासभर बसा म्हणाले, पण हे म्हणताना ते हसले. ते हसणं बघून माझ्या छातीवरचं जातं उतरलं. इतका मोकळा श्वास मी बाळंतपणानंतरसुद्धा घेतला नव्हता.

ह्यांचं लक्ष अजून त्या दिव्याकडंच होतं. आमच्यात यमाचा दिवा एकदा लावला की हात लावत नाहीत, तो आपला आपण शांत व्हावा लागतो. ज्या बाईनं उभ्या जन्मात सणाची एक रीत चुकवली नाही, तिच्याकडं बघून हे म्हणाले, "आई, तू यमाचा दिवा इझवलास?"

"इझवला," आत्या म्हणाल्या. "यमाला म्हणलं, थांब जरा. तिथं माझ्या सुनंचा जीव टांगणीला लागलाय."

मग माझा बांध फुटला. मी त्यांचा हात धरून रडत रडत सगळं ओकले. कापूर वाईट हे मला माहीत होतं आत्या, ताईंनी बजावलं होतं, तरी मी घातला.

आता आत्या चार शब्द सुनावतील, असं वाटून मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या मांडीवरून पेंगुळलेल्या लेकीला उचलून आपल्या खांद्यावर घेतलं.

"झोपू दे आता तिला," म्हणाल्या. "आन् तू जा, तोंड धुऊन ये."