लोटा धरणारा हात

"ओंजळ वर धर. आनखी वर. लोट्याले लागू नको."

मी तेव्हा शाळकरी पोरगी. मायसोबत बापूसाहेबांच्या वावरात तूर सोंगायला, म्हणजे कापायला, गेले होते. बापूसाहेब म्हणजे आमच्या गावचे, मंगरूळपीरच्या रस्त्यापर्यंत जमीन असलेले. तहान लागली म्हणून मी त्यांच्या घराच्या ओट्याखाली उभी राहिले. त्यांच्या उजव्या हातात पितळी लोटा. हात उंच. पाणी ओंजळीत कमी, नाकात जास्त. ठसका लागला, फ्रॉक भिजला. ओट्यावरचे सगळे फिदीफिदी हसले.

"पानी पेता येत नाई धड. अन् माय म्हनते, पोरीले डॉक्टर करीन," बापूसाहेब म्हणाले. मायनं त्यांच्यापुढं हात जोडले.

मग त्यांनी तो लोटा राखेनं घासायला लावला. माझा हात लागला नव्हता, ओठ लागला नव्हता. पण धारेवरून आमची जात वर चढली असावी! बाप्पा, केवढं विज्ञान होतं त्या ओट्यावर!

घरी येताना मी मायला विचारलं, "तू काहून हात जोडले त्याले?"

"उद्या कामाले याचं आहे ना, बाई."

मी जोडणार नाही, असं तेव्हाच मनात बसलं. बाकी काही कळत नव्हतं.

पुढे शिकले. वाशीम, नागपूर, मग परदेश. मेंदू हा विषय घेतला. त्यातही लकवा. लकव्यात मेंदूचा एक तुकडा मरतो, हात लुळा पडतो आणि घरचे म्हणतात, गेला हात. पण शेजारचा मेंदू ते काम शिकू शकतो. शिकवावं मात्र लागतं. चांगला हात बांधून ठेवायचा आणि लुळ्या हाताकडून रोजचंच काम करून घ्यायचं. पुन्हा. पुन्हा. पहिल्या काही महिन्यांत मेंदू सगळ्यात लवकर शिकतो. तो वेळ घालवला की मग डोकं आपटून उपयोग नाही. मोठ्या शहरातले एक साहेब मला म्हणाले होते, "तुमच्या लोकांनी समाजकार्य करावं, हे जमायचं नाही." त्यांचं आता कोणी नाव घेत नाही, मीही घेत नाही.

परत आले आणि वाशीममध्ये केंद्र काढलं. एक हॉल. एक माठ. माठाजवळ लोटा. तिथं प्रत्येक पेशंटनं लुळ्या हातानं लोटा भरायचा आणि शेजारच्या पेशंटच्या ग्लासात पाणी ओतायचं. हाच व्यायाम. रोज, सगळ्यांना.

एक दिवस मोठी गाडी घेऊन एक माणूस आला. "मॅडम, बाबांले लकवा मारला. उजवा हात पूर्ण गेला. जडीबुटीचं तेल चोळून पाह्यलं, काईच फरक नाई. घरी येता का?" गावाचं नाव सांगितलं तेव्हा मला कळलं. तो बापूसाहेबांचा मुलगा विनोद. त्यानं मला ओळखलं नाही. कायले ओळखेल?

गेले. आधीच दीड महिना तेलात बुडाला होता. ज्या घराच्या ओट्याखाली तेव्हा उभी होते, आता त्याच घरात सोफ्यावर बसले. चिनीमातीच्या कपात चहा आला. बापूसाहेब पलंगावर, तोंड वाकडं, उजवा हात उशीवर ठेवलेला.

"कोन्या गावच्या तुमी?" त्यांच्या बायकोनं विचारलं.

"याच गावची."

"कोनाची पोरगी?" बापूसाहेबांनी जडावल्या जिभेनं विचारलं.

मी मायचं नाव सांगितलं. मग बाईंनी माझ्या पुढ्यातला कप उचलला. "थंडा झाला असंन, दुसरा आनते." चहातून वाफ निघत होती. दुसरा चहा आला तो कागदी कपात. त्या घरात मोठी प्रगती झाली होती! राखेनं घासायची मेहनतसुद्धा वाचली.

विनोद मला दारापाशी घेऊन गेला. "मॅडम, तुमी लय शिकलेल्या. समजून घ्या. बाबांले हात न लावता, लांबून सांगता येईन का? मोबाईलवर दाखवा, आमी करून घेऊ."

मला हसू आलं. हात शिकवायचा आणि हात लावायचा नाही!

"नाही येत," मी म्हणाले. "त्यांचं बोट न बोट मला धरावं लागेल. वाशीमला आणा. माठ सगळ्यांसाठी एकच आहे. वेळ निघून चाललाय, हे मात्र नीट ऐका."

"बाबा नाई येनार."

"मग हात नाही येणार."

कागदी कप तसाच टेबलावर ठेवून मी निघाले. वाटेत राग आला, रडूही आलं. त्या म्हाताऱ्याचा हात परत येऊ शकतो हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून जास्त आलं. तरी गाडी वळवली नाही.

आठवडाभरानं, दुसरा इलाज उरला नाही तेव्हा, विनोदनं बापूसाहेबांना वाशीमला आणलं. घरची पाण्याची बाटली घेऊन. मी बाटली विनोदला परत दिली आणि बापूसाहेबांचा डावा हात बांधला. उजवा हात माझ्या हातात घेतला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटू द्या. बोटं लोट्याभोवती मी बसवली. शेजारी सुमनबाई, शिरपूर जैनकडची मजूर, आमच्यातलीच, ग्लास धरून बसलेली. पहिले कितीतरी दिवस पाणी सगळं फरशीवर.

"धीरे धीरे, भाऊ. माह्यंबी असंच सांडे," सुमनबाई म्हणायची. ते तोंड फिरवून घेत.

मग एक दिवस ग्लास भरला. बोटांनी लोटा खरंच पेलला होता. ओतताना सुमनबाईनं खालून लोट्याला आधार दिला. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. आणि बापूसाहेबांनी काय केलं? लोटा खाली ठेवून त्याच उजव्या हातानं धोतराचा सोगा ओढला आणि जिथं तिचा हात लागला होता तिथं लोटा पुसला. मेहनतीनं परत आणलेल्या हातानं पहिलं काम हे केलं.

हॉल बघत होता. सुमनबाईनं मान खाली घातली.

"मान वर करा, बाई," मी म्हणाले. मग बापूसाहेबांकडे वळले. "मेंदू दुरुस्त होतो, बापूसाहेब. मी रोज करते. तुमचं हे दुरुस्त करायला मी बसलेली नाही. हात पूर्ण चालेपर्यंत शिकवीन, ते माझं काम आहे. पण इथं पुसायचं नाही. पुसलं की त्या दिवसाचा व्यायाम बंद आणि घरी."

विनोद पुढे आला. "मॅडम, बाबा म्हातारे आहेत..."

"तेव्हा तरणे होते."

त्यांना काय आठवलं, काय नाही, मी विचारलं नाही. मला त्यांची माफी नको. मी त्या ओट्यावर पुन्हा जाणार नाही, आणि माझ्या हॉलमध्ये कोणी ओंजळ धरणार नाही. मी रिकामा लोटा त्यांच्या उजव्या हातात दिला.

"भरा. आणि द्या सुमनबाईले."