ठोक्यागणिक बार

आमचे हे विहिरींना सुरुंग लावायचे. रत्नागिरीच्या आसपास, पावसपासून जयगडपर्यंत, कुठं कातळ लागून विहीर अडली की यांना बोलावणं यायचं. पेटवायच्या आधी हे मोठ्यानं हाक द्यायचे, "बार हाय होऽ, लांब ऱ्हावा!" त्या हाकेचा मला मनापासून राग. काम शेजारच्या वाडीत असलं की ती घरापर्यंत ऐकू यायची आणि बार फुटेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्यातून एखादा बार फुटायचा राहिला, तर जवळ जाऊन बघणार हेच. आवाजापेक्षा मला त्या शांततेची धास्ती.

अशा माणसाला मुतखडा झाला. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एक मूत्रपिंड आधीच्या ऑपरेशनात काढून टाकलेलं, आणि आता खडा नेमका उरलेल्या एकात. आमचे डॉक्टर म्हणाले, "पुन्हा कापण्यात धोका आहे. मुंबईत नवीन मशीन आलंय. पोट न फाडता बाहेरूनच खडा फोडतं."

"फोडतं" म्हटल्यावर यांनी नकाराची मान हलवली ती हलवलीच. घरी येऊन मला म्हणतात, "दगड एकटा फुटत नाय. आजूबाजूचा कातळ पण तडकतो. आणि माझ्याकडं एकच हाय." मी चिडले. म्हटलं, "दुनियेचे दगड फोडताना नाही सुचलं हे?" तोंडानं भांडले खरी, पण मनात त्यांचंच पटत होतं. दगड फोडण्यातलं यांच्याइतकं कळणारा दुसरा कोण होता? शेवटी कळा इतक्या आल्या की स्वतःच म्हणाले, चल.

मुंबईच्या इस्पितळात यांना कमरेखाली बधिर करून पाण्याच्या हौदात बसवलं. मला दाराबाहेर ठेवलं. मशीनवरच्या माणसानं मायेनं समजावलं, "वहिनी, घाबरू नका. मशीन यांच्या छातीचे ठोके बघतं आणि प्रत्येक ठोक्याला खड्यावर एक दणका देतं." धीर द्यायला आला आणि जिवाला घोर लावून गेला. आतून ठक्, ठक् सुरू झालं. म्हणजे यांचं काळीजच मी दाराबाहेर बसून ऐकत होते. एखादा दणका जरा रेंगाळला की मी दाराला कान लावायची. कुलदेवतेला काय काय बोलले, आता आठवत नाही.

आणि आवाज थांबला.

थोडी वाट बघितली. काही नाही. दणका नाही म्हणजे ठोका नाही, एवढंच डोक्यात. उठले आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. इस्पितळ आहे, लोक बघतायत, कसली शुद्ध नव्हती. नर्सनं दार उघडलं आणि वैतागून म्हणाली, "अहो बाई, खडा किती फुटला ते बघायला फोटो काढतायत. म्हणून बंद ठेवलंय."

माझा विश्वास बसेना. म्हटलं, "त्यांना बोलू दे."

तिच्या पाठीमागून, हौदातून, थकलेला आवाज आला, "बार हाय होऽ, लांब ऱ्हावा!"

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले. नर्सला वाटलं, यांनी मला दटावलं म्हणून. तिनं दार लावून घेतलं, आणि आत ठक्, ठक् पुन्हा सुरू झालं.