सिस्टरची केशर

२०२०ची नागपंचमी, शनिवार: शेजारच्या घरात साप आहे हे मला कळले. त्यानंतरचा दुसरा सोमवार: माझ्या सल्ल्यावरून तो सरकारी खात्याच्या स्वाधीन झाला. त्यापुढे तीन आठवड्यांनी: खात्याचे एका ओळीचे पत्र आले. जबाबदार व्यक्ती: साप मागे टाकून मायदेशी गेलेली शेजारणीची मैत्रीण, तो ताब्यात घेणारे खाते, आणि मी. माझा उल्लेख शेवटी आहे, म्हणून माझा वाटा कमी ठरत नाही.

इथे परदेशात, क्रेगीबर्न उपनगरात, आमचे आणि सिस्टरचे कुंपण एकच. साताऱ्याहून शिकायला आलेली ही मुलगी पुढे वृद्धाश्रमात नर्स झाली; आम्ही तिला सिस्टर म्हणत असू. तिच्या हातांना घाई ठाऊक नव्हती. त्या दिवसांत सहकारी एकामागून एक आजारी पडत होते, ती दोन-दोन शिफ्ट करून परतत होती. तरी आमची रिकामी वाटी कुंपणावर ठेवताना तिचा आवाज होत नसे.

त्या शनिवारी सौ.ने मागच्या अंगणात पाटावर नाग काढून पुढे दूध ठेवले होते. सिस्टर पलीकडून म्हणाली, "काकू, साप दूध पीत नाही हो. पाणी ठेवा."

"तुला गं काय माहीत?"

"माझ्याकडे आहे ना एक."

"अगं बाई! आणि हे आत्ता सांगतेस?"

करोनात युनी, म्हणजे विद्यापीठ, बंद पडल्यावर तिच्या घरातली मैत्रीण मिळेल त्या विमानाने परत गेली, 'थोडे दिवस सांभाळ' म्हणून साप ठेवून. केशरी रंगाची, बिनविषारी, हातभर लांब कॉर्न स्नेक. सिस्टरने तिचे नाव केशर ठेवले होते. मी दुपारपर्यंत कायदा काढून वाचला. इथले अजगर परवाना काढून ठेवता येतात. हा अमेरिकेतला साप घरात ठेवायला परवानाच नाही, तो गुन्हा आहे. सिस्टरचा पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज तेव्हा विचाराधीन होता.

मी हे कुंपणाशी उभे राहून स्पष्ट सांगितले. ती थकलेली हसली. "काका, तुम्ही नियम पाळता, मी साप पाळते. पाळायला दोन्हीकडे धीर लागतो."

आणि तिचे पाळणे माझ्याहून काटेकोर होते. पेटीची एक बाजू उबदार, एक थंड. आठवड्याला एक बर्फातला उंदीर, बर्फ पूर्ण उतरवून. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. एकदा तिने केशरला कुंपणापाशी आणले. दोघांच्याही तोंडाला मास्क. मी हात वरून नेला. "वरून नको, काका. वरून फक्त घार येते. खालून हात द्या, मग तिला ठरवू द्या." केशर माझ्या मनगटावरून सावकाश वर सरकली. "अहो, श्वास घ्या की!" सिस्टर म्हणाली.

गल्लीत पोलिसांची गाडी जरा हळू झाली, की तिच्या खिडकीचा पडदा ओढला जाई. एका सकाळी तिने विचारले, "देऊन टाकली, तर मारतील का हो?"

"आधी विचारू," मी म्हणालो.

मी तिचे नाव न घेता खात्याला फोन केला. अधिकाऱ्याने सांगितले की स्वतःहून देणाऱ्यावर कारवाई होणार नाही, परवाना असलेल्या एखाद्या शैक्षणिक संस्थेकडे साप देता येतो का ते पाहू, आणि कळवल्याशिवाय निर्णय घेणार नाही. कार्यालय बंद असल्याने लेखी नंतर. उभी हयात कचेरीत 'लेखी द्या' म्हणण्यात घालवलेला मी हे तोंडी आश्वासन घेऊन कुंपणाशी गेलो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

सोमवारी खात्याचा माणूस आला. केशरचे डोळे निळसर झाले होते, म्हणजे कात टाकायची वेळ आली होती. सिस्टरने पेटीवर कागद चिकटवला: आठ दिवस हात लावू नये. त्याने पेटी कडीला धरून उचलली, ती हेलकावली. "फ्रॉम बिलो, प्लीज," एवढेच ती म्हणाली.

त्यानंतर तीन शुक्रवार मी फोन केला. "शी इज फाइन, मेट." तिसऱ्या खेपेस मी सिस्टरचा प्रश्न विचारला: कात नीट निघाली का? "येस, नो वरीज." मी सिस्टरला कुंपणावरून ओरडून सांगितले, ती युनिफॉर्ममध्येच अंगणात बसून हसली.

मग पत्र आले. प्राणी ताब्यात घेतल्याच्या दिवशीच नष्ट करण्यात आला.

सिस्टरने ते उभ्याने वाचले. "म्हणजे कात निघालीच नाही," ती म्हणाली आणि शिफ्टला गेली. मला तिने एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मला सोपे गेले असते. पुढे पीआर मिळाला आणि सीमा उघडल्यावर ती पर्थला गेली. निघताना म्हणाली, "काका, मी विचारायचं सोडलं. तुम्ही सोडू नका."

मी सोडलेले नाही. कायद्यात त्या जिवाला जागा नव्हती, तर तसे तोंडावर सांगायचे होते. मी कायदा मानणारा माणूस आहे. माझ्या चार पत्रांची पोच आली, उत्तर आले नाही. म्हणून हे इथे छापत आहे. इंग्रजी प्रत खात्याकडे रवाना केली आहे. मेलेल्या प्राण्याची खुशाली आम्हाला कोणी दिली, आणि कोणाच्या सांगण्यावरून? खासगी दिलगिरी मी स्वीकारणार नाही. "येस" म्हणणाऱ्याने स्वतःच्या नावानिशी, चारचौघांत उत्तर द्यावे.