वहीतला उंबर

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो बाईंचा. पिशोरच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, तोही त्यांच्यामुळंच. दर मे महिन्यात त्या आम्हाला डोंगरातल्या झऱ्याकाठी न्यायच्या. तिथल्या उंबरावर स्वर्गीय नर्तकाची जोडी घरटं करायची; लांब शेपटीचा पांढरा नर पाण्यावरून फितीसारखा जायचा. बाई वहीत नोंद करायच्या आणि बजावायच्या, "दिसलं तर लिहायचं. नाही दिसलं तर 'नाही' लिहायचं. पाखराच्या नावानं खोटं लिहू नका रे."

गेल्या वर्षी संभाजीनगरला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी ती वही मागून आणली. उन्हाळा लवकर तापतो, पाऊस एकदम कोसळून वाहून जातो, डोंगरात मुरत नाही, हे मी मांडत होतो. पण वहीत दरवर्षी तीच ओळ होती: उंबर, जोडी, घरटं. सगळ्या विभागासमोर मी छातीठोकपणे सांगितलं, आमच्या डोंगरावर पाखरू टिकून आहे.

मे महिन्यात फोटो काढायला गेलो. झऱ्यात नुसता पाचोळा. शेळ्या राखणाऱ्या मावशीला उंबर कुठाय विचारलं, तशी ती हसली.

"कोणचा उंबर? त्यो वाळून पडला की, चार पावसाळे झाले. लई शिकलास, न् झाड बी हरवून बसलास व्हय?"

"आणि ते पांढरं पाखरू?"

"पानी नाय, सावली नाय. कशाला यील ते?"

वहीत त्या चारही वर्षांच्या ओळी होत्या, बाईंच्याच वळणदार अक्षरात.

तसाच त्यांच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "गुडघे दुखतात, वर चढवत नाही. वाटलं, असंलच की." मग खाली बघत, "एकदा गेले होते रे. पडलेला बघितला. 'नाही' लिहायला हात धजेना."

चहा ठेवायला त्या आत वळल्या. मी उठून निघालो.

संभाजीनगरला परतून मुकुंदवाडीच्या खोलीवर तीन पत्रं लिहून फाडली. चौथं वहीत घालून पाठवलं:

"बाई, सा. न.
विभागात जाऊन मी माझं म्हणणं मागं घेतलं. न बघता बोललो, चूक माझी, एवढंच सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही. पण राग गेलेला नाही. झाड न बघता ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असं माणूस मला एकच होतं.
त्या चार ओळींना मी हात लावलेला नाही. तुम्हीच खोडा, आणि पुढं तुमच्या हातानं 'नाही' लिहा.
तुमचा विद्यार्थी"