माझ्या गोळ्या

मुलीनं अंगावरचं दूध सोडलं त्या आठवड्यापासून सासूबाई माझ्या पोटाकडे बघायला लागल्या. सकाळी मी अंगणात वाकून सडा टाकत असले की त्या ओसरीवरून बघायच्या. जेवताना एखादी पोळी कमी खाल्ली तर लगेच विचारायच्या, "मळमळते का वं?" मळमळत नसायचं. मग त्यांचा चेहरा उतरायचा.

आमचं गाव कारंजाजवळ. शेत फार मोठं नाही, पण विहिरीला पाणी आहे. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं वर्षभर काही ना काही निघतं. पहाटे जुड्या बांधायच्या आणि नवऱ्यानं गाडीवर टाकून कारंजाच्या मार्केटला न्यायच्या. मी लग्न होऊन रिठदहून इथं आले ती थेट या कामात पडले. काम मला आवडायचं. सासूबाई शिकवायच्याही मनापासून. वांग्याच्या झाडाला कुठली फांदी ठेवायची आणि कुठली खुडायची, हे मी त्यांच्याच हाताखाली शिकले. आमचं भांडण कामावरून कधी झालं नाही.

मुलीच्या बाळंतपणात माझं खूप रक्त गेलं होतं. कारंजाहून अकोल्याला हलवावं लागलं, रक्त चढवावं लागलं. मला त्या प्रवासातलं एवढंच आठवतं की पाय थंड पडले होते आणि माझी आई ते दोन्ही हातांनी चोळत होती. घरात मात्र ती गोष्ट हळूहळू "पोरगी झाली तवाचा तरास" एवढीच उरली. त्रास संपला, पोरगी चालायला लागली, आता दुसरं व्हायला काय हरकत आहे, असा हिशेब होता.

"पोरीले भाऊ पाहिजे," सासूबाई म्हणायच्या.

मी म्हणायचे, "मले अजून अशक्तपना वाटते."

"डिंकाचे लाडू करून देतो."

पुढच्या वेळी मी म्हणायचे, "पोरगी लहान आहे."

"मी हाय ना पाहाले."

माझ्या प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे उत्तर होतं, आणि ते खरंही होतं. त्यांनी लाडू केले असते आणि मुलीला सांभाळलंही असतं. एक दिवस जुड्या बांधता बांधता माझ्या ध्यानात आलं की मी कारणं देत राहिले तर कधी ना कधी ती संपणार. ज्या दिवशी संपतील त्या दिवशी मला दिवस गेलेले असतील. खरं कारण एकच होतं. मला आत्ता मूल नको होतं.

दिवस राहू नयेत म्हणून गोळ्या घेणार असं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो मोटरचं स्टार्टर उघडून बसला होता. वर न बघता म्हणाला, "मी काई नाई म्हनत नाई. पन तुले काई होनार तं नाई ना त्या गोळ्यांनं?"

"डॉक्टरले विचारून घेतो."

"मंग घे. फक्त आईले सांगू नोको."

गावातल्या आशाताईकडे सरकारी गोळ्या मिळतात हे मला माहीत होतं. बाई चांगली, पण तिचं घर आमच्या घराला लागून, आणि सासूबाई रोज दुपारी तिच्या ओसरीवर बसायच्या. घरात हे कधी आणि कसं सांगायचं ते मला ठरवायचं होतं. म्हणून एका सकाळी मुलीला सासूबाईंजवळ ठेवून, चपला घ्यायच्या आहेत असं सांगून, एसटीनं कारंजाला गेले.

आधी एका मेडिकलमध्ये शिरले. दुकानदार आधी एकदा पाहिलेला, पण आमच्या घरच्यांच्या ओळखीतला नव्हता. मी सरळ गोळ्या मागितल्या. त्यानं माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं, मग काउंटरवरचं काहीतरी उगाच सरकवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, मिस्टरांना पाठवा ना."

"कायले?"

"असं बरं नाही वाटत."

त्याच काउंटरवरून आदल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी सासूबाईंनी माझ्यासाठी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. तेव्हा यानं एक शब्द विचारला नव्हता. उलट कधीपासून सुरू करायच्या ते मोठ्यानं समजावून सांगितलं होतं, आणि दुकानात चार माणसं होती. मला हे तिथंच आठवलं आणि कानशिलं तापली. बाहेर पडले आणि बाईडॉक्टरांचा दवाखाना विचारत गेले.

डॉक्टर माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. त्यांनी बीपी बघितलं, वजन केलं, डोकं एका बाजूनं ठणकतं का, तंबाखू-खर्रा खाता का, पायांवर कधी सूज येते का, सगळं विचारलं. बाळंतपणाचं ऐकून डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली.

"एकच मुलगी आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग दुसऱ्यासाठी किती थांबायचा विचार आहे?"

"माहीत नाई."

"घरच्यांचं काय म्हणणं आहे?"

"घरच्यांले पाहिजे. मले नाई पाहिजे."

मी आवाज चढवला नव्हता, पण तोंडातून शब्द निघाले आणि माझी मलाच पाठ ताठ झाल्यासारखी वाटली. हे वाक्य मी पहिल्यांदाच कुणासमोर असं उघडं, कारणाचं पांघरूण न घालता म्हटलं होतं. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग पाकीट हातात घेऊन दाखवलं. पांढऱ्या गोळ्या आधी, रांगेनं. शेवटी या रंगीत, त्या नुसत्या रक्तवाढीच्या. पाळी आली की सुरू करायच्या, रोज ठरलेल्या वेळेला घ्यायच्या. एखादी विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची. सुरुवातीला मळमळेल, मधेच डाग दिसेल, घाबरायचं नाही. पाय खूप दुखला, छातीत दुखलं, डोळ्यांपुढं वेगळंच दिसायला लागलं, तर मात्र धावत यायचं.

चपलाही घेतल्या. खोटं बोलून आले होते, निदान चपलांपुरतं ते खरं झालं.

पाळी आली तशी मी सुरुवात केली. पहिली गोळी रात्रीच्या जेवणावर घेतली. पाकीट कुठं ठेवायचं यावरून नवऱ्याशी कुरबुर झाली. तो म्हणाला, डाळीच्या डब्यात ठेव, नाहीतर माझ्या पेटीत. मी थोडा वेळ विचार केला. डाळीच्या डब्यातून चोरून गोळी काढायची, तोंड फिरवून गिळायची, कुणी आलं की मूठ मिटायची. असं रोज करायचं म्हणजे रोज स्वतःला चोर म्हणून घ्यायचं. मी काय चोरत होते? मी पाकीट खोलीतल्या आरशाशेजारच्या फळीवर ठेवलं, कंगवा आणि टिकल्यांच्या पाकिटाजवळ.

सासूबाईंना ते दिसायला फार वेळ लागला नाही. मुलीची वेणी घालायला कंगवा घ्यायला आल्या आणि पाकीट हातात घेऊन बाहेर आल्या. मी चुलीपुढं भाकरी थापत होते.

"ह्या कायच्या गोळ्या वं?"

"पोर न होन्याच्या."

भाकरी माझ्या हातात होती. ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"त्याले माहीत हाय?"

"हो."

"अन् मले सांगावंसं नाई वाटलं?"

"आता सांगतलं ना, आई. लपवलं असतं तं फळीवर ठेवल्या नसत्या."

त्या पाकीट परत ठेवायला गेल्या नाहीत. तिथंच पाटावर ठेवलं आणि शेतात निघून गेल्या. त्या दिवसापासून आमच्यातलं बोलणं मुलीमार्फत सुरू झालं. "तुह्या मायले सांग, पालक काढाचा हाय." "तुह्या मायले इचार, दूध तापवलं का." मुलीला नीट बोलताही येत नव्हतं. ती माझ्याकडे येऊन नुसतं "पालक" म्हणायची.

पहिले दोन महिने सोपे गेले नाहीत. सकाळी मळमळायचं, फोडणीचा वास नको व्हायचा. स्तन जड होऊन ठणकायचे. कधी कधी विनाकारण रडू यायचं आणि मी ते कांद्याच्या नावावर खपवायचे. सासूबाईंना मळमळ दिसायची आणि एक-दोनदा त्यांच्या डोळ्यांत आशा आलेली मी पाहिली. त्याचं मला वाईट वाटलं. पण वाईट वाटतं म्हणून गोळी सोडावी असं कधी वाटलं नाही. मी ठरल्या वेळेला, सगळे पंगतीला बसलेले असतानाच, पाण्याच्या घोटाबरोबर ती घ्यायचे. सासरे ताटात बघायचे. सासूबाई भिंतीकडे.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे घर आतून-बाहेरून धुणं, मुखवटे काढणं, साड्या नेसवणं, आणि जेवणाच्या दिवशी पुरण, आंबील, भाज्याच भाज्या. सासूबाईंच्या बहिणी आल्या होत्या, शेजारच्या बाया मदतीला होत्या. जेवणाच्या दिवशी सकाळी न्हाऊन आले आणि डाग दिसला. पाळीची वेळ नव्हती. डॉक्टरांनी सांगितलेलं तेच हे.

मी लपवू शकले असते. पण नेमका परकर दोरीवर बघून सासूबाईंनी ओळखलं. स्वयंपाकघरात बाया पुरण वाटत होत्या. कितीतरी दिवसांनी त्या माझ्याशी थेट बोलल्या, आणि सगळ्यांदेखत.

"बाहीर बस. देवाच्या घरात ह्या गोळ्यांनं इटाळ केला."

हातातलं वाटण थांबवून बाया बघायला लागल्या. मी म्हणाले, "आई, मांगच्या वर्षी तुमीच मले गोळ्या आनून देल्या होत्या."

"त्या येगळ्या. त्या देवासाठी होत्या."

"पोटात तं माह्याच गेल्या ना. तवा कोनी इचारलं नाई मले काई होईन का. सलग घ्या म्हटलं, मी घेतल्या. चक्कर आली तरी घेतल्या, अन् पुरनाचा सयपाक केला. देवासाठी माह्या आंगात गोळी चालते, अन् मी माह्यासाठी घेतली तं इटाळ?"

चुलीवर आंबील रटरटत होती, तिच्याकडे कुणी बघेना. सासूबाईंचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पळीनं आंबील ढवळली आणि म्हणाल्या, "मुखवट्याले हात लावू नोको. बाकी तुले कराचं ते कर."

मी पाटा पुढं ओढला आणि पुरण वाटायला बसले. शेजारची बाई जरा सरकली. मला जागा देण्यासाठी की अंतर ठेवण्यासाठी, ते मला कळलं नाही. संध्याकाळी त्याच पुरणाच्या पोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या.

पुढच्या महिन्यात डाग थांबले. मळमळही गेली. मार्केटचा दिवस असो की निंदणीचा, पाळी आता ठरल्या दिवसांत येते आणि पूर्वीसारखी लोळवत नाही. डॉक्टरांकडे गेले तेव्हा रक्त थोडं वाढलेलं होतं.

दिवाळीत भाऊबीजेला मी मुलीला घेऊन रिठदला गेले आणि पाकीट घरी राहिलं. तिथं पोचल्यावर पिशवी उपसली तेव्हा लक्षात आलं. नवऱ्याला फोन केला. त्याला म्हटलं, मी वाशिमहून नवीन आणवते. तो म्हणाला, "थांब, मी येतो."

पुढचं त्यानं मला रिठदला आल्यावर सांगितलं. तो गाडी काढत होता तेव्हा वांगी तोडणाऱ्या बाया अंगणात बसून क्रेट भरत होत्या. सासूबाईंनी विचारलं, "आता कुठी चालला?"

तो सहसा अशा वेळी काहीतरी पुटपुटतो. त्या दिवशी म्हणाला, "तिच्या गोळ्या रायल्या घरी. नेऊन देतो."

"येवढ्या दूर? गोळ्यांसाठी?"

"हो. मलेबी नोको आहे, आई, आत्ता दुसरं. तिलेच काहून बोलतं?"

तो गाडीला किक मारून निघाला. रिठदला पोचला तेव्हा केसांत धूळ होती आणि शर्टाच्या खिशात पाकीट. माझ्या आईसमोरच त्यानं ते काढून दिलं. आईनं बघितलं आणि त्याला हातपाय धुवायला पाणी दिलं. मला त्याचा राग होता, इतके महिने गप्प राहिल्याचा. तो पूर्ण गेला असं म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी मी त्याला शेजारी बसवून वाढलं.

घरी परतले तेव्हा सासूबाई माझ्याशी बोलायला लागल्या होत्या. मन बदललं म्हणून नाही. हरभऱ्याची पेरणी आली होती आणि मुलीमार्फत पेरणी होत नाही. त्यांना अजून नातू हवाच आहे. वडाला दोरा गुंडाळताना त्या काय मागतात ते मला माहीत आहे, आणि मागण्याचा हक्क त्यांचाच. देण्या न देण्याचा मात्र माझा.

मुलगी आता अंगणवाडीत जाते. मी गोळ्या घेते. कधी थांबवीन ते मला माहीत नाही. थांबवीन तेव्हा मी ठरवून थांबवीन.

या उन्हाळ्यात जऊळक्याला सासूबाईंच्या भाचीचं लग्न होतं. मांडवात आम्ही दोघी शेजारी जेवायला बसलो होतो. समोरून त्यांची एक नात्यातली बाई ओरडून विचारती झाली, "काय वं, दुसऱ्याची काई खबर हाय का नाई सुनेकडे?"

सासूबाईंनी घास गिळला. "मले काय इचारतं," त्या म्हणाल्या, "तिले इचार."

आवाजात चीड होती, की थकवा, की आणखी काही, मी शोधत बसले नाही. ती बाई माझ्याकडे वळली. आजूबाजूच्या दोघी-तिघींनीही माना वळवल्या.

"काई खबर नाई," मी म्हणाले, "अन् सद्या येनारबी नाई." मग आलू-वांग्याची बादली घेऊन वाढायला आलेल्या माणसाला थांबवून सांगितलं, रस्सा जरा जास्त वाढ.