शेवटचा रकाना

डॉ. सुनंदाताई टेंबेकर यांच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा गेलो तो कामाच्या शोधात. वर्तमानपत्रातली नोकरी सुटली होती आणि ताईंना अहवाल वेळेवर लिहून देणारा माणूस हवा होता. त्यांनी माझा अर्ज बाजूला ठेवला, माझ्या दोन बोटांना तारा लावल्या आणि पडद्यावरची रेघ पाहत विचारलं, "घाम बराच आहे. घाई आहे की भीती?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"उद्यापासून या."

गाडी चालवणाऱ्याच्या मनात काय चाललं आहे, हे त्याच्या नाडीवरून, श्वासावरून, बोटांच्या घामावरून ओळखता येईल का, या एका प्रश्नावर ताईंनी तीस वर्षं काम केलं. संतापलेला किंवा पेंगुळलेला चालक वेळीच कळला तर अपघात टळेल, ही त्यामागची तळमळ. इंदूरचे बसचालक तपासणीला आले की ताई आधी त्यांना पोहे खायला घालत, अर्धा तास बसवून ठेवत आणि मगच तारा लावत. "उपाशी माणूस मशीनला रागावलेलाच दिसतो," त्या म्हणत.

त्यांच्या नोंदपत्रकात शेवटचा रकाना होता, 'चालकाच्या शब्दांत'. तो चालकाला विचारूनच भरायचा, हा त्यांचा नियम. तो मी एकदा मोडला.

एका खाजगी बस कंपनीला तापट चालकांची यादी हवी होती. यादीतल्यांना गाडीवरून उतरवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हातोदहून येणारी बस चालवणाऱ्या दिनकररावांची, गाडी चालवताना नोंदलेली रेघ सुदामा नगरच्या एका वळणावर रोज उंच जायची. नाडी वाढलेली, बोटं ओली. अहवाल संध्याकाळी द्यायचा होता. मी शेवटच्या रकान्यात 'राग' लिहून मोकळा झालो.

ताईंनी सहीसाठी पेन उघडलं आणि थांबल्या. "हा शब्द त्यांचा?"

"वेळ नव्हता, ताई. पण आलेख स्पष्ट आहे."

"आलेख म्हणतो, काहीतरी हललं. काय हललं ते त्यांना विचारलंत?"

त्यांनी कंपनीला फोन लावून दोन दिवस मागितले. पलीकडचे साहेब कुरकुरले, "मॅडम, आम्हाला यादी पाहिजे, किस्से नाही."

"मग यादी तुम्ही करा. माझी सही नसेल," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दिनकरराव आले. नोकरी गेलीच असं समजून टोपी हातात घेऊन उभे. ताईंनी त्यांना बसवलं, पोह्यांची बशी पुढे केली आणि वळणाचं विचारलं.

"गुस्सा कशाचा, मॅडम," ते खाली बघत म्हणाले. "तिथे माझी मुलगी राहते. माझ्या मर्जीविरुद्ध लग्न केलं तिने. दोन साल झाले, बोलचाल बंद आहे. पण त्या टाइमाला ती गॅलरीत कपडे वाळत घालते. दिसली की बरं वाटतं, बस."

ताईंनी माझा 'राग' खोडला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मुलगी दिसते'. अहवाल दोन दिवस उशिरा गेला. दिनकररावांचं नाव यादीत नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो एकच उशिराचा अहवाल. त्या दिवशी दिनकरराव निघाले तेव्हा ताई त्यांना म्हणाल्या, "भाऊ, एखाद्या दिवशी रिकाम्या हाताने, पायी जा त्या वळणावर."

ते गेले की नाही, हे ताईंनी कधी विचारलं नाही. पण पुढच्या तपासणीला दिनकररावांनी डबा आणला. "मुलीने पाठवलाय," एवढंच म्हणाले. त्या दिवशी प्रयोगशाळेत पोहे झाले नाहीत.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. समारंभात आमच्यापैकी कोणाच्याही बोटांना तारा लावल्या, तरी रेघ उंचच जाईल. ताई, तुमची प्रकृती उत्तम राहो आणि तुम्ही खूप वर्षं आमच्यात असा. शेवटचा रकाना आम्हाला विचारून भरणारं माणूस आम्हाला हवं आहे.