दीड पान खाजगी

मराठी लेखकांनी आजवर जेवढ्या प्रेमिकांची ताटातूट केली, तेवढ्या सगळ्यांची लग्नं माझ्या मावशीच्या यजमानांनी एकट्यानं लावून दिली आहेत, तीही आष्टीतल्या आपल्या ओसरीवर, दुपारच्या चहाच्या वेळी. त्यांना प्रेमाचा पुळका होता असं मात्र कुणी समजू नये. काका भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार होते. जन्मभर भावाभावांच्या भांडणात शेतांच्या हद्दी मोजून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता, आणि कादंबरीतल्या माणसांवर तर तो कधी बसलाच नव्हता.

तरी घरात कादंबऱ्या आणल्या त्यांनीच. मावशीच्या उमेदीच्या काळात तिच्या गल्लीतल्या बायका वाचनालयाची पायरी चढत नसत. पुस्तक बदलून आणायचं काम नवऱ्याचं. काका दर शनिवारी ‘घरच्यांसाठी’ म्हणून एक कादंबरी घेत, पिशवीत मेथीच्या जुडीखाली दडवत, आणि बाईमाणसानं वाचण्याजोगी आहे का हे तपासायला म्हणून आधी स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. या तपासणीत पुस्तक एकही नापास झालं नाही, नायक मात्र सगळे नापास झाले. नोकरी नसलेला नायक त्यांना चालत नसे आणि कविता करणारा तर मुळीच नाही. एकदा नायक-नायिका आंब्याखाली भेटतात त्या पानावर ते अर्धा तास अडून बसले होते. शेवटी मला म्हणाले, “हे झाड बांधावर हाय का शेतात, ह्यानं लिवलंच न्हाई. बांधावर असलं तर ह्यांच्या प्रेमाआधी शेजाऱ्याची हरकत येती.”

पुढे काचबिंदूनं मावशीचे डोळे गेले आणि वाचून दाखवायचं कामही काकांकडे आलं. काकांचं वाचन म्हणजे पंचनामा. चांदणं, वारा, प्राजक्त हे सगळं ते ‘परिसर नेहमीप्रमाणे’ एवढ्यात उरकत. नायकानं नायिकेचा हात धरला की घसा खाकरून “इथून दीड पान खाजगी हाय” असं जाहीर करत आणि पान उलटत. पण शेवट रडका निघाला की हा कडक माणूस सरळ सरळ खोटं वाचायचा. क्षयानं मरायला टेकलेल्या नायिका नगरच्या दवाखान्यातून ठणठणीत होऊन परत आल्या. परदेशी निघालेल्या नायकांच्या बदल्या बीडला झाल्या. पुस्तकात मरेपर्यंत न हटलेल्या बापांनी काकांच्या ओसरीवर मुकाट्यानं होकार दिले.

मावशी हे शेवट मंगळवारच्या भजनात मैत्रिणींना सांगायची. तिथं एकदा एक बाई म्हणाली, त्या गोष्टीतली पोरगी तर विहिरीत जीव देते. मावशी हटली नाही. “आमच्यात न्हाई दिला,” म्हणाली, आणि दोघी महिनाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी पुस्तक काढून पाहिलं, तर पोरगी बुडालीच होती. काकांना जाब विचारला तेव्हा कानावरची पेन्सिल सारखी करत ते म्हणाले, “विहिरीला पाणी न्हवतं. आष्टी तालुका हाय बाई.”

मी पडले बीडला नोकरी करणारी, सुधारणेची फार हौस असलेली भाची. मला हा कारभार बघवेना. मावशीच्या फोनवर मी गोष्टी ऐकायचं ॲप घालून दिलं. त्यात शेकडो प्रेमकथा, गोड आवाजात वाचणारी एक बाई, आणि प्रत्येक भाग ऐन वेळी तुटणारा. नायक सगळे कंपन्यांचे मालक. काकांनी एक भाग ऐकला आणि म्हणाले, “हजार कोटीचा मालक हाय, अन् कामाला एक दिवस जाईना. कंपनी चालवतंय कोण?” मावशी हसली आणि तिनं इअरफोन कानात घातले.

त्यानंतर चार वाजले की काका चष्मा लावून, पुस्तक घेऊन ओसरीवर येत आणि तिच्या शेजारी नुसते बसत. थोडे दिवस स्वतःशीच जरा मोठ्यानं वाचून पाहिलं. मग “कुठवर आलं?” असं विचारू लागले. मग तेही विचारेनासे झाले. पुढे शनिवारी मेथी यायची, तिच्याखाली पुस्तक नसायचं. दाढी चार-चार दिवस तशीच. मी हे दर रविवारी बघत होते आणि मला माझीच लाज वाटत होती, पण केलेली सुधारणा परत कशी घेतात ते मला ठाऊक नव्हतं.

परवाच्या रविवारी मावशीनं मधेच इअरफोन काढले. “बंद कर गं हे. मारलं त्या पोरीला.”

“गोष्टच तशी असेल, मावशी.”

“असू दे. ही बाई लिवलंय तेच वाचती.” मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, “ती विहिरीतली पोरगी मी डोळे असताना दोनदा वाचलीय. दोन्ही बारी बुडाली. ह्यांनी काढली वर.”

काकांनी कानावरची पेन्सिल सारखी केली.

“वाचा हो,” मावशी म्हणाली.

घरात कादंबरी नव्हती. काका आत जाऊन कपाट धुंडाळून आले. हातात जमीन मोजणीच्या नियमांचं जुनं सरकारी पुस्तक होतं. त्यांनी चष्मा पुसला, मधलंच एक पान उघडलं. “आष्टीला एक मोजणीदार होता. नोकरी पक्की होती. मुलगी बघायला तो धर्मापुरीला गेलता.” धर्मापुरी म्हणजे मावशीचं माहेर. “तिनं चहा आणून ठेवला, अन् ह्यानं वर बघितलं.” काका थांबले, खाकरले. “इथून दीड पान खाजगी हाय.”

ते पान उलटणार तोच मावशीनं चाचपून त्यांचं मनगट धरलं.

“आज वाचा,” ती म्हणाली.

मी फोन उचलून आत चहा टाकायला गेले आणि चहाला मुद्दाम फार वेळ लावला.